जमा एक टिकली

सुरतेतल्या लिंबायतमध्ये शांतता हवी असेल तर वीज जावी लागते. एरवी आमच्या गल्लीत रात्रंदिवस माग चालतात. उजव्या हाताला यंत्रमागाचं खातं, डाव्या हाताला एम्ब्रॉयडरीची मशिनं, मध्ये आमचं घर. या खडखडाटात आमची बाळं पाळण्यात ढाराढूर झोपतात. जागे राहतात ते फक्त पाव्हणे. पण वीज गेली, माग थांबले, की सगळी गल्ली दचकून उठते. बाळं भोकाड पसरतात. बायका गॅलरीतून एकमेकींना विचारतात, "काय व्हयनं वं माय?" समोरचे आबा तर अशा वेळी आधी स्वतःची नाडी बघतात आणि मग टॉर्च शोधतात.

अशा ठिकाणी राहून मी अंतर्मुख व्हावं, असा आमच्या कन्येचा हुकूम आहे.

कन्या पुण्यात असते. तिच्या कंपनीत दर शुक्रवारी एक बाई येऊन सगळ्यांना श्वास घ्यायला शिकवतात. आमच्या पिढीला ही कला उपजत येत होती, पण तिचे कोणी पैसे देईल हे सुचलं नाही, म्हणून आम्ही मागे राहिलो. मी निवृत्त झालो तेव्हा कन्येने मला एक वही भेट दिली. हातकागदाची, पिंपळपान छापलेली, बांधायला वर नाडी. किंमत ऐकली आणि मनातल्या मनात हिशेब झाला: एवढ्यात आमच्या मार्केटातल्या दोन साड्या आल्या असत्या, ब्लाउज पीससकट.

"पप्पा, रोज यात एक छोटंसं आश्चर्य लिहायचं," ती म्हणाली. "आपल्या आजूबाजूचं. साधं. दोन मिनिटं थांबायचं, बघायचं, लिहायचं."

"आणि आश्चर्य वाटलंच नाही तर?"

"वाटून घ्यायचं!"

आता मी जन्मभर मेहताजी. रिंग रोडवरच्या एका कापडाच्या पेढीवर चोपडे लिहिण्यात केस पांढरे झाले आणि मग तेही गेले. आमचे शेठ सज्जन माणूस, पण पगारवाढीचा विषय निघाला की हमखास म्हणायचे, "मेहताजी, तमारा राजा १६६४ मां आव्या, १६७० मां फरी आव्या. ए हिसाब तो हजी बाकी छे!" शिवाजी महाराजांनी सुरतेहून जे नेलं, त्याचे हप्ते माझ्या पगारातून वळते होतायत असा मला शेवटपर्यंत संशय होता. आणि माझ्या एकट्याच्या नव्हे. अर्धा खानदेश सुरतेत येऊन बारा-बारा तासांच्या पाळ्या करतोय, तो दुसरं काय फेडतोय?

तर, वही हातात आली आणि हात आपोआप चालला. वर ‘श्री’ लिहिलं, बाजूला शुभ, लाभ, मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे जमा, उजवीकडे उधार. कन्येने व्हिडिओ कॉलवर पान पाहिलं आणि काही क्षण ती तिच्या त्या शुक्रवारच्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे श्वास घेत राहिली.

पहिल्या पानावरची नोंद अजून आहे. जमा: समोरच्या तारेवर एक कावळा, मान वाकडी करून बघणारा. उधार: तारेखाली वाळत घातलेला माझा पांढरा शर्ट.

पुढे मात्र गाडी अडली. ठरवून आश्चर्य शोधायला बसलं की काही म्हणजे काही दिसत नाही. खिडकीत बसलो तर खालून जाणारा प्रत्येक माणूस वर बघून विचारी, "काय आप्पा, लाईट गयी का?" पिंपळाखाली बसलो तर दोन जणांनी पाया पडून पावसाचं विचारलं. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने मला रस्त्याच्या कडेला खाली मान घालून उभा पाहिला आणि तो दुकान सोडून आला. "काका, शुं खोवायुं?" मी म्हटलं, काही हरवलं नाही, मी बघतोय. तर तोही बघायला लागला. मग एक रिक्षावाला. मग शाळेतून येणारी तीन पोरं. पाच मिनिटांत दहा-बारा माणसं एका मॅनहोलच्या झाकणाभोवती जमली आणि त्यातल्या एकाने खात्रीने सांगितलं की पाचशेची नोट होती, त्याने पडताना पाहिली. मी हळूच निघून आलो. संध्याकाळी दूध आणायला गेलो तेव्हाही दोघे जण तिथे काडीने फट कोरत होते.

रात्री बायकोने विचारलं, "आज काय जमा?"

"काही नाही."

"मग दळण तरी आणायचं होतं."

कोजागिरीला म्हटलं, चंद्र तरी कुठे जात नाही. गल्लीतले सगळे गच्चीवर जमलो, चंद्रही वेळेवर आला, पण सगळ्यांची दृष्टी पातेल्यावर. माझ्याखेरीज ज्याने वर पाहिलं त्याने खात्याच्या छपरावरच्या हॅलोजनला हात जोडले. दुसऱ्या दिवशी चांदणी पडवा. त्या दिवशी सगळी सुरत घारीवर तुटून पडते. तुपात निथळणारी ती मिठाई खाल्ल्यावर माणसाला आश्चर्य कसलंच वाटत नाही, फक्त झोप येते. तसं म्हटलं तर सुरतेत वर बघायचे दिवस दोनच, १४ आणि १५ जानेवारी. पहिल्या दिवशी उत्तरायण, दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण. तेव्हा सगळं गाव आकाशाकडे तोंड करून पतंग काटतं. बाकी वर्षभर खाली बघावं लागतं, खड्ड्यांमुळे.

खरं सांगायचं तर वहीतली पहिली अस्सल जमा माझ्याच टकलावर चिकटून आली.

आमच्या भिंतीला भिंत लावून मावशी राहतात. त्यांच्याकडे साड्यांवर टिकल्या लावायचं काम चालतं. मार्केटातून टेम्पोने पोटले येतात. दुपारची जेवणं उरकली की मावशी, सुना, नाती, समोरची एखादी रिकामी बाई, सगळ्या जणी साडी जमिनीवर पसरून दोन्ही बाजूंनी बसतात. डिंकाचा एक ठिपका, त्यावर एक टिकली. ठिपका, टिकली. साडेपाच मीटर साडी, ब्लाउजसकट सहा तीस. पैसे नगावर, त्यामुळे हात थांबत नाहीत. पण तोंडंही थांबत नाहीत, आणि एवढ्या गप्पांत एकीचीही टिकली ओळ सोडून जात नाही, हे मी भिंतीपलीकडे राहून इतक्या वर्षांत कधी नीट पाहिलंच नव्हतं. या टिकल्यांना इथे डायमंड म्हणतात. सुरतेत हिरे दोन प्रकारचे. वराछा-कतारगामकडे पैलू पाडतात ते आणि आमच्याकडे डिंकाने चिकटवतात ते. पहिले तिजोरीत जातात, दुसरे वरणात.

अतिशयोक्ती नाही. वरणात टिकली, गादीवर टिकली, देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या पाठीवर टिकली. पंखा लावला की मावशींच्या दारातून सांडलेला माल आमच्या घरात वस्तीला येतो. मी त्याची तक्रार करायला गेलो होतो एकदा. मावशी म्हणाल्या, "आप्पा, लोके पैसा दिसन लावतस. तुमले फुकट भेटनं."

तर एका दुखवट्याच्या घरी सांत्वनाला गेलो होतो. म्हातारी नव्वदीच्या घरातली, भरल्या घरातून गेलेली; पण दुःख ते दुःखच. मी गंभीर चेहऱ्याने सतरंजीवर बसलो, दोन शब्द बोललो, मान खाली घातली. मान खाली घातली तेच चुकलं. ट्यूबलाइट बरोबर डोक्यावर होती. समोर बसलेली चार वर्षांची पणती माझ्याकडे टक लावून बघत राहिली आणि एकदम ओरडली, "आई, या आजोबाच्या डोक्यात लाईट लागली!"

सगळ्यांनी माझ्या टकलाकडे पाहिलं. मी हात फिरवला. टिकली निघाली नाही, डिंक चांगला असावा. मी डोकं हलवलं की ती लुकलुकायची, स्थिर ठेवलं की पणती जवळ येऊन नीट बघायची. आधी एका सुनेने पदर तोंडाला लावला. मग कोपऱ्यातून घशात अडकलेला आवाज आला. शेवटी मोठा मुलगा, सुतकातला, डोकं भादरलेला, खदखदून हसला आणि त्याला इतके दिवस न आलेलं रडू त्या हसण्यातच आलं. दोन्ही एकाच वेळी. नंतर मला दारापर्यंत सोडायला येऊन तो म्हणाला, "आप्पा, आईले लई आवडतं हाई."

घरी येऊन मी लिहिलं. जमा: एक टिकली. उधारच्या बाजूला काय लिहावं ते कळेना. बायको म्हणाली, "खोबरेल लिहा. अर्धी वाटी गेलं काढायला."

त्यानंतर मी शोधणं सोडलं. जे आपणहून येईल ते लिहायचं ठरवलं आणि येणाऱ्यांचा नुसता लोंढा लागला. पावसाळ्यात तर लिंबायतचं गरनाळं आहेच. रेल्वेच्या रुळांखालून जाणारा हा बोगदा दर पावसाळ्यात भरतो. तो भरला की पाऊस अधिकृत सुरू झाला असं आम्ही धरतो. पाणी साचलं की पलीकडे जायचे रस्ते लांबचे. अशा वेळी कामाला जाणारा माणूस चिडेल, घड्याळ बघेल, वळून जाईल असं कोणालाही वाटेल. तो वळत नाही. तो थांबून बघतो.

बघ्यांना लोक उगाच नावं ठेवतात. माझं मत उलटं झालंय. लिंबायतमध्ये वेळेला किंमत आहे, ती सुद्धा तासावर नाही, मीटरवर. माग थांबला तर कापड थांबतं, हात थांबला तर साडी थांबते. गावाकडून लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या सख्ख्या मामाला "बसा" म्हणायची पंचाईत. पण जेसीबीने रस्ता खणायला घेऊ दे, दहा मिनिटांत तिथे जी माणसं जमतील त्यांच्यापैकी प्रत्येकाचा तोटा होत असतो आणि एक जण हलत नाही. जेसीबीचा दात मातीत शिरला की सगळ्यांच्या माना एकदम खाली, पाटी वर उचलली की सगळ्यांच्या माना वर. कोणी बोलत नाही. फोन वाजला तर तो न बघता बंद करतात. कन्येच्या कंपनीतल्या बाई यासाठी पैसे घेतात.

गरनाळ्यापाशी मात्र मौन नसतं, तिथे दोन पक्ष असतात. एक मोटारसायकलवाला पाण्याकडे बघत उभा राहतो.

"जाईल," एक पक्ष म्हणतो.

"नाही जाणार," दुसरा.

"पहिल्या गिअरमध्ये टाक. रेस सोडू नको."

"सायलेन्सरमें पानी जाएगा, भैया."

"अरे जवा दो, जवा दो!"

तो जातो. बरोबर मधोमध गाडी बंद पडते. मग जे घडतं ते कुठल्याही पक्षाला शोभणारं नाही: जाईल म्हणणारे, नाही जाणार म्हणणारे, सगळे चपला हातात घेऊन पाण्यात उतरतात आणि त्याला ढकलत बाहेर काढतात. बाहेर आल्यावर भांडण पुन्हा सुरू, की नेमकं चुकलं कुठे. मी तिथे चांगला तासभर उभा होतो. वाण्याकडे साबुदाणा आणायला निघालो होतो, चतुर्थी होती. घरी परत आलो तोवर बायकोने उपास शेंगदाण्यांवर भागवला होता आणि माझ्यासाठी शेंगदाणेही ठेवले नव्हते. जमा: एक मोटारसायकल, सहा माणसं, अकरा चपला. बारावी वाहून गेली.

एका सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा मला उगाचच भूगोल आठवला. सुरतेचं पाणी तापीचं. तापी निघते मध्य प्रदेशात मुलताईला. बऱ्हाणपूर, भुसावळ करत आमच्या अमळनेर तालुक्याच्या शिवेवरून जाते, मग सारंगखेडा, प्रकाशा, उकाईचं धरण आणि मग सुरत. म्हणजे आम्ही पॅसेंजरने आलो त्याच दिशेने ती आली, तिकीट न काढता. २००६ च्या ऑगस्टात ती जरा जास्तच आपुलकीने आली होती आणि लोकांच्या घरांत शिरली होती, ते सोडा. पण रोज सकाळी आपल्या घागरीत आपल्या शिवारावरून वाहिलेलं पाणी पडतं, हा विचार मनात आला आणि मी खरोखर हलून गेलो. नळावर मावशी होत्या. म्हटलं, "मावशी, हे पाणी कुठलं माहितीये? आपल्या गावाचं! आपल्या अमळनेरवरून आलंय!"

मावशींनी घागर उचलून उजेडात धरली, आत पाहिलं.

"म्हनीसनच इतलं गढूळ येस," त्या म्हणाल्या आणि पुढची घागर लावली.

इथवर सगळं माझ्यापुरतं होतं. मे महिन्याच्या अखेरीस मात्र मी अख्ख्या गल्लीला कामाला लावलं.

मावशींचा नातू नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळेत जातो. ही समिती सुरतेत गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते; आमच्या गल्लीतलं एक साधं भांडणही यातल्या चार माध्यमांतून होतं. तर हा नातू सुट्टीत माझ्याकडे गणितं सोडवायला येई. तो म्हणाला, "आप्पा, सरांनी सांगितलंय, या आठवड्यात एका दुपारी सावली गायब होते."

मी पुस्तक काढलं, वाचलं, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा माझ्या अंगात मेहताजी संचारला. कर्कवृत्त जातं अहमदाबाद-गांधीनगरच्या जरा वरून, साडेतेवीस अंशांच्या आसपास. सुरत साधारण एकवीस अंश दहा मिनिटांवर, म्हणजे त्याच्या खाली. कर्कवृत्ताच्या खालच्या गावांवर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. एकदा वर जाताना, एकदा परतताना. तेवढे काही क्षण उभ्या वस्तूला सावलीच नसते. दिल्ली कर्कवृत्ताच्या वर, तिथे हे कधीच घडत नाही. दिल्लीची सावली कायम पडते.

वेळ काढली: दुपारी बारा वाजून छत्तीस मिनिटं. बारा नव्हे. कारण आपलं भारतीय घड्याळ चालतं साडेब्याऐंशी रेखांशावर, जो मिर्झापूरजवळून जातो. सूर्य तिथे आधी माथ्यावर येतो, आम्हा पश्चिमेकडच्यांना अर्धा तास थांबावं लागतं. हे मी पानाच्या टपरीवर समजावून सांगितलं तर खात्यातला मिर्झापूरचा फिटर एकदम ताठ झाला. "देखिए काका, टाइम तो पूरे देस में हमारे यहाँ का ही चलता है." त्या दिवसापासून त्याला उशीर झाला तरी शेठ काही बोलू शकत नाहीत.

बातमी पसरली ती मी सांगितली तशी पसरली नाही. मी म्हटलं होतं, सावली नाहीशी होणार. चार घरं ओलांडेपर्यंत ग्रहण झालं. दोन बायकांनी अन्नात दर्भ टाकले. गरोदर सुनेला आत बसवलं. आबांनी येऊन विचारलं, "सावली गयी ते परत येस ना?"

त्या दुपारी गच्चीवर जत्रा. आमच्या बायकोने कुरडया घातल्या होत्या. मे महिना म्हणजे खानदेशी गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. एकीकडे कुरडया, दुसरीकडे बिबडे, मधल्या पायवाटेने माणसं. ऊन असं की चप्पल घालूनही लोक एका पायावर उभे. प्रत्येकाने काहीतरी उभं करायला आणलेलं: लोटा, पेन्सिल, तेलाची बाटली, मागावरची बॉबिन. एका पोराने शाळेतली ट्रॉफी आणली, धावण्याची. मी शिट्टी घेऊन मधोमध.

पहिली अडचण अशी की गच्चीला उतार होता. कंत्राटदाराने पाणी निघून जावं म्हणून दिलेला. पाणी आजवर निघालं नाही, पण लोटे, बाटल्या सगळं तिरकं. तिरकं असलं की सावली राहते. तिसऱ्या मजल्यावरचे गवंडी भाऊ खाली गेले आणि ओळंबा घेऊन आले. ताका गुंडाळायची पुठ्ठ्याची जाड नळी उभी केली, खाली फरशीचे तुकडे सारले, एक डोळा मिटून ओळंबा लावला. "आते खडी शे," ते म्हणाले. एवढ्या निगुतीने त्यांनी या इमारतीची भिंतही उभारली नसावी.

दुसरी अडचण मोठी. सावली गेली का ते बघायला लोक वाकले, आणि वाकलेल्या प्रत्येकाच्या डोक्याची सावली नळीवर पडली. "आप्पा, गयी नही, वाढी गयी!" मी शिट्टी फुंकली. मागे सरका, मागे सरका! लोक मागे सरकले ते बिबड्यांवर. बिबड्यांच्या मालकीणबाईंनी जे शब्द वापरले ते सात माध्यमांपैकी कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत.

या गलक्याने गच्चीवरच्या खोलीत झोपलेला ओडिशाचा पोरगा उठला. गंजामचा आहे, खात्यात रात्रपाळी करतो. संध्याकाळी सातला जातो, सकाळी सातला येतो, दिवसभर झोपतो. लुंगी सावरत, डोळे चोळत बाहेर आला.

"क्या हुआ काका?"

"परछाईं गायब होने वाली है."

"किसकी?"

"सबकी."

त्याने जांभई दिली. "मैंने तो अपनी कब से देखी ही नहीं." आणि तो दाराशी उभा राहिला, उन्हात.

बारा पस्तीस झाले. लोट्याच्या बुडाशी सावलीची बारीक किनार उरली होती, नखाएवढी. बॉबिनची तेवढीही नव्हती. कोणी शिट्टी वाजवली नव्हती, तरी सगळे गप्प झाले. खाली माग चालूच होते. मी नळीजवळ गेलो, डोकं न वाकवता नुसती नजर तिरकी केली. एरवी नळीत डोकावलं की अंधार दिसतो. त्या क्षणी ऊन वरून थेट तळापर्यंत उतरलं होतं आणि आत फरशीवर उजेडाचा पूर्ण गोल पडला होता, काठाला कुठे इतकासाही कापलेला नाही. त्या गोलात एक टिकली होती. ती कोणी टाकली नव्हती. लिंबायतच्या प्रत्येक फरशीवर एक असतेच. ती पेटल्यागत चमकत होती.

"अरे," दाराशी उभा असलेला पोरगा म्हणाला. तो आपल्या पायांकडे बघत होता. एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं, एक पाय उचलून खाली बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हद है काका. आज देखने उठा, तो आज ही गायब!"

सगळी गच्ची हसली. तोही हसला, पुन्हा एकदा पायाखाली बघून घेतलं आणि झोपायला आत गेला.

मी फोटो काढून कन्येला पाठवला. तिचा लगेच फोन. "पप्पा, फोटोत काहीच दिसत नाहीये. एक बाटली आहे नुसती."

"तेच दाखवायचंय. सावली आहे का?"

ती थोडा वेळ गप्प. "नाहीये," ती म्हणाली. मग म्हणाली, "पुण्यातही होतं का हो हे?"

"पुण्यात आधीच होऊन गेलं. मे महिन्याच्या मध्याला. शुक्रवार असेल कदाचित, तुम्ही श्वास घेत असाल."

खाली येऊन वही उघडली. जन्मभर मी ज्यासाठी रात्री जागवल्या, दिवाळीच्या चोपडापूजनाआधी ज्यासाठी देवाला नवस केले, ते त्या पानावर पहिल्यांदा लिहायला मिळालं. फरक: शून्य. दोन्ही बाजू जुळल्या. पेन टोपणात घालून मी पाय लांब केले.

"झालं का तुमचं?" बायको दारातून.

"झालं. पण दुसरा दिवस अजून आहे. जुलैच्या मध्याला सूर्य परतताना पुन्हा डोक्यावर येतो. तेव्हा नीट तयारी करू. दोन ओळंबे, खुर्च्या, आणि लोकांना आधीच सांगून..."

"जुलैत? म्हणजे पावसात?"

"हो."

"ढग असतील तेव्हा."

"असतील की."

"ढग असले की सावली असते का?"

मी विचार केला. "नसते."

"मग महिनाभर रोज बघा तुमचं आश्चर्य. आत्ता वर जा आणि कुरडया उलटवून या. आणि त्या बिबड्यांवर कोणाची चप्पल उमटलीय ते बघा, तुमचीच निघाली तर त्यांच्या दारापुढून येऊ नका, मागच्या जिन्याने या."